वजनाला माणूस

चंदूकाकांशी आज भांडायचंच, असं ठरवून मी गाडी विक्रोळीला नेली. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी पुढच्या चाकांचे बुश बदलले होते आणि आता प्रत्येक स्पीडब्रेकरवर खडखडाट. बुश म्हणजे चाक धरणाऱ्या लोखंडी आर्मच्या टोकातलं जाड रबर. चंदूकाकांनी बसवलेला बुश पाच-सहा वर्षं हूं की चूं करत नाही, हे मी बाबांच्या वेळेपासून बघत आले. म्हणून तर राग जास्त आला.

चंद्रप्रकाश परब, वय बासष्ट. पत्र्याची शेड, त्यात बुश दाबून बसवायचा एक प्रेस आणि गाडीखाली उतरायचा खड्डा. बुशवरची पिवळी खूण आर्मवरच्या खुणेशी जुळली नाही, केसभर सरकली, तरी हा माणूस तो काढून पुन्हा बसवतो. दुसरा हट्ट त्याहून मोठा. गाडी जॅकवर लटकत असताना शेवटचा बोल्ट आवळायचा नाही, नाहीतर रबर पिळलेलंच राहतं आणि फाटतं. चाकं जमिनीवर हवीत आणि सीटवर माणूस हवा. "रिकामी गाडी कोण चालवतो गो?" ते म्हणायचे.

तो माणूस म्हणजे सुलक्षणाकाकू. खोली शेडच्या मागेच, हाक मारली की यायच्या. "मी काय करू?" असं विचारायच्या आणि खड्ड्यातून उत्तर यायचं, "काय नको. नुसती बस." मग त्या मेथी निवडत बसायच्या. घरी गेल्यावर सीटखाली काड्या सापडायच्या आणि मी वैतागायचे. आता त्याची लाज वाटते. बोल्ट आवळून झाला की खालून ठरलेली हाक यायची, "झाला गो. चाय टाक."

होळीच्या आधी काकू गेल्या. मूलबाळ नाही.

काकांनी माझं चाक उघडलं. रबर फाटून लोंबत होतं. काका ते रबर बोटांनी चाचपत उभे होते.

"लटकत्या चाकावरच आवळलाय मी," ते म्हणाले. "गाडी खाली घेतली की ती सीट दिसते ना. म्हणून आधीच उरकतो. सहा गाड्या केल्या तशा."

"काका!"

"माझा बुश फाटला तर त्या दिवशी शटर ओढीन, म्हणायचो. ओढतो आता. वाट लावली मी कामाची."

शटर ओढून हा माणूस जाणार कुठे? त्या मागच्या खोलीत? मला भयंकर वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की माझा आवाज चढतो.

"आधी माझी गाडी नीट करा. मग काय ओढायचं ते ओढा!"

त्यांनी निमूटपणे नवे बुश दाबले, खुणा दोनदा तपासल्या, गाडी खाली घेतली. मग वजनाला रेतीची गोण उचलून सीटपाशी आले आणि दार उघडून तिथेच थांबले. गोण काही आत ठेववेना.

मी त्यांना बाजूला सारून आत जाऊन बसले. "मी काय करू?"

काकांनी गोण खाली ठेवली. मग खड्ड्यात उतरले.

"काय नको. नुसती बस."

पाना फिरत होता. गाडी जराशी हलत होती. समोर प्रेस, भिंतीवर मार्च महिन्यावरच थांबलेलं कॅलेंडर. इथे बसून काकूंनी किती दुपारी काढल्या असतील, हे मला पहिल्यांदाच कळलं.

"झाला गो. चाय टाक."

पाना खाली पडल्याचा आवाज झाला. हाक कोणाला मारली, ते काकांच्या लक्षात आलं होतं.

"टाकते," मी म्हटलं आणि उतरले. कोपऱ्यातल्या स्टोव्हवरच्या पातेल्यात धूळ साचली होती. ते धुवायला घेतलं.

बऱ्याच वेळाने खड्ड्यातून आवाज आला, "त्या पाच गाड्या रविवारी बोलवल्या तर येशील?"

"येईन. मेथीची जुडी घेऊन येते."