कुलपातली वही

राजारामपुरीत माझ्या एका मित्राचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाईक नसलं की तो लढाईचा गेम खेळतो. हरला की चष्मा कपाळावर सरकवून गेम बनवणाऱ्यांना शिव्या घालतो. "किल्ला कशानं पडला ते सांगत न्हाईत. नियम लिवताना हात झडत्यात व्हय ह्यांचं?"

शेवटी हरून हरून त्यानं एकेक नियम स्वतःच शोधला आणि वहीत उतरवला. पावसात घोडदळ किती अडतं, तेसुद्धा त्यात आहे.

तोच गेम मीही खेळतो. तीन आठवडे एकाच किल्ल्यावर हरल्यावर मी त्याच्याकडे वही मागितली. त्यानं ती ड्रॉवरमध्ये टाकून कुलूप लावलं. एरवी मला भावा म्हणणारा तो म्हणाला, "मला तरी कुणी सांगितलंतं, पावणं?"