कपातला गाळ

निश शहरात आमच्या इमारतीत देसांकाबाई कॉफीच्या उपड्या कपातला गाळ बघून बायकांचं भविष्य सांगायच्या. निवृत्तीनंतर त्यांनी लाइफ कोचचं प्रमाणपत्र मिळवलं आणि तो नाद सोडला.

पहिली आली तळमजल्यावरची स्तामेंका. कॉफी पिऊन तिनं सवयीनं कप उपडा घातला.

"अगं, ते आता बंद. तुझं ध्येय सांग."

"साठीत कसलं ध्येय? ऑलिंपिकला पाठवतेस की काय?" म्हणत ती हसत गेली.

छातीतली गाठ तिनं कुणालाच सांगितली नव्हती. हिवाळ्यात ती गेली.

मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवशी, रिवाजाप्रमाणे तिच्या कबरीवर मेणबत्ती लावताना देसांकाबाई मला म्हणाल्या, "गाळात मला कधीच काही दिसलं नाही गं. 'मनावर ओझं दिसतंय' म्हणायचे, की बायका आपणहून बोलायला लागायच्या."