बघायच्या खुर्च्या

समस्त पनवेलकरांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, खुर्ची ही बसण्याची वस्तू नाही.

हा जाहीरनामा आमच्या खुर्चीदादांचा. मूळचे बेलपाड्याचे. शेती गेली तसे नवीन पनवेलला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये आले. मुंबईतला एक जुना बंगला रिकामा होताना त्यांनी दोन रंगवलेल्या खुर्च्या मिळवल्या होत्या. काळ्या अंगावर सोनेरी नक्षी, ग्रीक धर्तीचे बाहेर वळलेले पाय, आणि हात टेकायच्या जागी इजिप्तच्या सिंहिणी. अंग सिंहाचं, तोंड बाईचं. दोन खुर्च्यांवर मिळून चार बायका.

पाहुणा आला की दादा प्लास्टिकची खुर्ची पुढे सरकवत. "हितं बसा. त्या बघायच्या हायत." मी एकदा बुटाची नाडी बांधायच्या मिषाने टेकलो, तर माझा आलेला चहा आत परत गेला.

"मला कदी येवढं जपलं नाय," वहिनी म्हणायच्या.

"तू बोलतेस. त्या बोलतात काय?" दादा शांतपणे फडकं फिरवत.

पहिल्या दसऱ्याला दादा पूजेचं ताट घेऊन खुर्च्यांपुढे बसले आणि अडले. "घरातल्या बायांची कपालं मोकली? बरं नाय दिसत." चौघींना कुंकू लागलं. मग दर दसऱ्याला ताजं.

त्यांची इच्छा एकच होती. खुर्च्या संग्रहालयात जाव्यात आणि भोवती दोरी असावी. "मंग कोनाचा बाप बसतो ते बघू."

गेल्या वर्षी दादा गेले. दिवसकार्य उरकताच वहिनींनी माझ्याकडून मुंबईच्या एका संग्रहालयाला पत्र लिहून घेतलं. म्हणाल्या, "त्यांचं येवढंच ऱ्हायलंय."

तिथला माणूस आला. पाय बघितले, नक्षी बघितली, लहान मुलासारखा खूश झाला. "इतका जुना रंग सहसा टिकत नाही. आम्ही जरूर नेऊ." वहिनींनी डोळे टिपले. मीही मनातल्या मनात दादांची पाठ थोपटली.

मग त्याने सिंहिणींच्या कपाळाशी भिंग धरलं. "फक्त हे कुंकू पुसावं लागेल. खालचा रंग खातंय ते. थोडं करून बघू?" आणि त्याने कापसाचा बोळा ओला केला.

वहिनी उठून मध्ये उभ्या राहिल्या. त्यांचं स्वतःचं कपाळ मला तेव्हा पहिल्यांदा नीट दिसलं.

"खुर्च्या हितंच ऱ्हातील. माजं पुसलं, तेवढं बास हाय."