आत्याचा बांधलेला हात

आत्या मटार सोलते आहे. पक्षाघातानं अर्धवट लुळा झालेला उजवा हात शेंगेशी झटतोय आणि चांगला डावा ओढणीनं कमरेशी बांधलाय. तो मोकळा राहिला की सगळं तोच उरकतो, मग मेंदू उजव्याला विसरतो, असं तालुक्याच्या दवाखान्यातल्या फिजिओथेरपीच्या मॅडमनी तिला समजावलं होतं.

दवाखान्यात ती फिजिओथेरपीची खोली व्हावी म्हणून आम्ही भाऊंच्या प्रचाराची पत्रकं गल्लोगल्ली वाटली. आमचे पुढारी भाऊ निवडून आले आणि त्यांनीच त्या खोलीची फीत कापली. आता मॅडमची बदली झालीय आणि खोलीत मंडपाच्या सतरंज्या ठेवल्यात. जाब विचारला तर भाऊ हसले. "अरे, मालिशच ना ती? घरी तेल चोळा की!"

मेंदूचा एक भाग मरतो तेव्हा शेजारचा भाग त्याचं काम शिकू लागतो. केवढी इमानदारी! पण त्याला रोज शिकवावं लागतं, आणि सुरुवातीचे महिने हातचे गेले की फार जड जातं. ते महिने आमच्याच माणसानं घालवले.

शेंग निसटली. मी उचलायला वाकलो.

"राहू दे!" आत्या खेकसली. "अंगठा कसा उघडायचा ते मॅडम शिकवणार होत्या. आता तुझे भाऊ येणारेत का शिकवायला?"