गणपूर्ती

पुण्याहून आलेले पाहुणे "लोकप्रशासन म्हणजे" एवढंच म्हणाले आणि वाडीतले ढोलवाले वाजवत सभेच्या खोलीत घुसले. मागून मी मोदकांचं ताट घेऊन आत गेले. चिटणीसांनी डोक्याला हात लावला.

हे चिटणीस पौडच्या कचेरीत नोकरीला होते. नाव मला कधी कळलं नाही. कारभार बघणाऱ्या नोकरदारांची एक संस्था होती, तिची मुळशी शाखा ते चालवत. कचेरीबाहेर मी चहा विकायची; माझ्याकडे चहा मागतानाही आधी टोपी सारखी करत, खाकरत आणि म्हणत, "विनंती अशी आहे." त्यांच्या सभेला कुणी फिरकत नसे. त्या सकाळी रडवेले होऊन म्हणाले, "बाई, आज गणपूर्ती झाली नाही, तर शाखा बंद होणार."

मला ऐकू आलं गणपती. भर उन्हाळ्यात कसला गणपती, असं वाटलं. पण शिकलेली माणसं, असेल त्यांचं काही. मी मोदक केले आणि वाडीतल्या ढोलवाल्यांना बोलावून आणलं.

"अहो बाई, गणपूर्ती म्हणजे सभेला पुरेशी माणसं!" चिटणीस ओरडले.

"मग हायेत की! मोजा."

"सभासद लागतात!"

ढोलवाला म्हणाला, "मोदक द्या, मग कशाचं बी सभासद हुतो आमी."

पाहुण्यांनी तोवर मोदक तोंडात टाकला होता. तो गिळून ते म्हणाले, "चिटणीस, पुण्यात आम्हालाही एवढी माणसं जमत नाहीत. चालू ठेवा शाखा."

त्या खोलीतली आता मी एकटीच जिवंत आहे. एकटीनं गणपूर्ती होत नाही.