मुंबईची सुई

नळापाशी ओट्यावर धाकट्या लेकीला घेऊन विड्या वळणाऱ्या अक्कांनी मला सावरलं. त्यांचं नाव मी कधी विचारलंच नाही. माझा थोरला जन्मतःच मंदबुद्धी. पुन्हा दिवस गेले, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "हेही तसंच आहे का, ते मुंबईत पोटातलं पाणी सुईनं काढून सांगतात. पण त्यात मूल जाऊही शकतं." आमचे मालक म्हणाले, "तूच ठरव." माहेर लांब कोकणात, विचारायचं कुणाला?

अक्कांनी मांडीवरचं विड्यांचं सूप बाजूला ठेवलं, थोरल्याची लाळ पदरानं पुसली.

"तसंच हाय म्हनाले, तर काय करनार तू?"

मी थोरल्याला जवळ ओढलं. "ठेवणार."

"मग सुईसाटी येवडी मुंबई कशाला गं? बाळंतपन मी करते की."

मुंबईला गेले नाही. पोटात हललं की अजून धस्स होतं. पण अक्कांची फेड करायची ठरवलंय: त्यांची लेक मोठी झाली की तिचं बाळंतपण मीच करीन, तेव्हा जिथं असेन तिथून येऊन.