पाठीत लपवलेलं पान

मास्तरांच्या वडिलांचा जाडजूड धर्मग्रंथ शिकंज्यात आवळून ठेवला होता, आणि बाइंडरकाका सकाळपासून चौथ्यांदा उठून त्याच्याकडे बघून आले. खळ वाळली होती, शिवण घट्ट बसली होती. कामात खोट काढायला जागा नव्हती. तरी त्यांचा पाय एका जागी ठरेना.

चाळीस वर्षं ते पुस्तकं बांधत होते. चर्चमध्ये पाळक दर रविवारी बजावत, की शेजाऱ्याला प्रभूबद्दल सांगा. काका मान डोलावून घरी येत. शेजारी म्हणजे मास्तर. धर्म वेगळा, आणि रोज दुपारी दुकानात बसून पेपरातल्या प्रत्येक बातमीशी भांडायची सवय. अशा माणसापुढे काकांची जीभ टाळ्याला चिकटायची.

काल त्यांना युक्ती सुचली. पुस्तकाच्या पाठीला, कापडाच्या आतून, मजबुतीसाठी रद्दी कागदाची पट्टी लावतात. ती कुणाच्या दृष्टीस पडत नाही. काकांनी रद्दीऐवजी शुभवर्तमानाचं एक पान चिकटवलं. तोंड न उघडता प्रभूची साक्ष दिली म्हणून मनातून खूश झाले, आणि जेवताना बायकोला सांगून बसले.

"आपल्या बायबलात कुणी असं गुपचूप काही घातलं, तर चालेल तुम्हाला?" एवढंच ती म्हणाली. काकांनी अर्धं ताट तसंच सरकवलं.

मास्तर पाचला यायचे होते, ते साडेचारलाच उगवले. ग्रंथ दोन्ही हातांनी छातीशी धरला, वडिलांनी बघायला हवा होता म्हणाले, आणि पिशवीत ठेवू लागले. आता गप्प बसलं तर कुणाला कळणार होतं?

"मास्तर, थांबा. काम पुरं झालेलं नाही."

मग जमिनीकडे बघत, अडखळत काकांनी सगळं सांगून टाकलं. मास्तरांनी ग्रंथ पुन्हा टेबलावर ठेवला.

"काढा ते," ते म्हणाले.

काकांनी कापड उचकटलं, ओलं फडकं ठेवून खळ भिजवली, पान सोलून काढलं आणि कोरी पट्टी लावली. स्टूल पुढे केलं तरी मास्तर उभेच.

"वीस वर्षं मी इथे बडबडतोय. एकदा तरी तोंड उघडायचं होतंत. माझ्या बापाच्या ग्रंथात चोरासारखं कशाला शिरलात?"

"भीती वाटली."

"माझी?"

"तुम्ही हसाल याची."

"हसेनही." मास्तरांनी स्टूल ओढलं. "खळ वाळेपर्यंत बसावंच लागणार मला. सांगा आता."

काकांनी आईच्या आजारपणापासून सुरुवात केली, तिथून प्रार्थनेवर गेले, पुन्हा आईवर आले. मास्तरांनी लगेच अडवलं. आई तर वाचली नाही ना, मग प्रार्थना ऐकली कुणी? उत्तर येत नाही, असं काकांनी सांगितलं.

मास्तर हसले नाहीत. पुढे बोला म्हणाले. काका पुढे बोलू लागले.